प्रोजेक्टरवर ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो: वायरलेस स्पीकरचा लॅग कसा काढावा

इंदुरात नातेवाइकांकडे, शेजारीपाजारी आणि गणपतीत सोसायटीच्या गच्चीवर प्रोजेक्टर लावून द्यायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलंय. त्यातले निम्मेअधिक फोन एकाच वाक्याने सुरू होतात: "आवाज जुळत नाहीये रे." हे वाक्य ऐकायला एक असलं तरी त्याच्या पोटात वेगवेगळे दोष असतात आणि प्रत्येकाचा इलाज निराळा. म्हणून आधी लक्षण नीट ओळखा.

लक्षणं

- आवाज सतत तेवढाच मागे. सुरुवातीला जेवढा, तासाभरानंतरही तेवढाच. लोकमान्य नगरातली माझी मावशी जुन्या मैफिलींचे व्हिडिओ बघते. तिने सांगितलेलं लक्षण अगदी नेमकं होतं: "तबलजीचा हात परत वर गेला की मग 'धा' ऐकू येतो." हा ब्लूटूथचा लॅग.
- आवाज पुढे, चित्र मागे. बोलणारा तोंड उघडायच्या आत शब्द येतो. बहुतेक वेळा मोबाइलची स्क्रीन प्रोजेक्टरवर टाकलेली असते आणि स्पीकर मोबाइललाच जोडलेला असतो.
- सुरुवातीला बरोबर, मग हळूहळू घसरत जातो. यात स्पीकरचा दोष क्वचितच निघतो.
- आवाज तुटतो, मध्येच अर्धा सेकंद गायब होतो, परत येतो.
- आवाज घुमतो, विहिरीत बोलल्यासारखा. म्हणजे दोन ठिकाणांहून एकच आवाज थोड्या फरकाने येतोय.
- प्रोजेक्टरच्या आतल्या अ‍ॅपमध्ये सगळं ठीक, पण एचडीएमआयवर सेट-टॉप बॉक्स किंवा लॅपटॉप लावला की उशीर.

शेवटचं लक्षण लक्षात ठेवा. बाकीचा बराचसा उलगडा त्यावरच होणार आहे.

उशीर येतो कुठून

ब्लूटूथवरून आवाज जसाच्या तसा जात नाही. आधी त्याची पाकिटं बांधली जातात, ती हवेतून जातात, स्पीकर ती उघडतो आणि मध्ये एखादं पाकीट हरवलं तर खंड पडू नये म्हणून थोडा साठा करूनच वाजवायला घेतो. ही पाकिटं बांधायची पद्धत म्हणजे कोडेक. प्रत्येक ब्लूटूथ स्पीकरला एसबीसी नावाचा कोडेक यावाच लागतो आणि स्वस्त प्रोजेक्टर बहुधा तोच वापरतात. त्यात दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद सहज जातात. अ‍ॅप्टएक्स लो लेटन्सी हा खास कमी उशिराचा कोडेक चाळीस मिलिसेकंदांच्या आसपास येतो, पण दोन्ही टोकांना तोच असेल तरच.

किती उशीर खपतो याचे आकडेही आहेत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९८ साली प्रसारणासाठी जी शिफारस काढली (बीटी.१३५९), तिच्यानुसार आवाज ४५ मिलिसेकंद पुढे गेला किंवा १२५ मिलिसेकंद मागे पडला की माणसाला ते जाणवायला लागतं. ९० पुढे किंवा १८५ मागे गेल्यावर ते चालवून घेण्याजोगं राहत नाही. आवाज मागे पडलेला आपण जास्त खपवून घेतो, याचं कारण निसर्गातही तसंच घडतं. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. होळकर स्टेडियममध्ये खेळपट्टीपासून ऐंशी मीटरवर बसलात, तर बॅटचा 'टक्' तुम्हाला सव्वादोनशे मिलिसेकंदांहून जास्त उशिरा ऐकू येतो आणि त्याबद्दल कोणी तिकिटाचे पैसे परत मागत नाही. आवाज आधी आलेला मात्र डोक्याला अजिबात पटत नाही, म्हणून पुढे गेलेला आवाज थोडासा असला तरी फार खुपतो.

आता मुद्द्याची गोष्ट. मागे पडलेला आवाज कोणतंही यंत्र पुढे ओढू शकत नाही. जो आवाज अजून पोचलाच नाही तो आधी कसा वाजवणार? करता येतं ते इतकंच: चित्राला तेवढं थांबवायचं. आणि चित्राला थांबवणं त्यालाच जमतं ज्याच्या हातात व्हिडिओ आहे, म्हणजे टीव्ही स्टिक (एचडीएमआयच्या तोंडात खोचायची, नेटवरून व्हिडिओ आणणारी कांडी), लॅपटॉप किंवा प्रोजेक्टरमधलं अ‍ॅप. प्रोजेक्टरच्या आतलं यूट्यूब चालू असताना अँड्रॉइडला स्पीकर किती उशीर करतोय याचा अंदाज असतो आणि अ‍ॅप चित्र तेवढं मागे ठेवतं. एचडीएमआयवरून आलेलं चित्र मात्र प्रोजेक्टर जसं येईल तसं पडद्यावर फेकतो. त्यामुळे स्पीकर तोच, प्रोजेक्टर तोच, तरी एकीकडे ठीक आणि दुसरीकडे लॅग. पुढच्या सगळ्या तपासण्या याच धोरणाने लावल्यात.

फुकटच्या तपासण्या

सर्वात आधी ब्लूटूथ बंद करा आणि तोच व्हिडिओ प्रोजेक्टरच्या अंगच्या स्पीकरवर ऐका. तिथेही ओठ आणि आवाज जुळत नसतील, तर वायरलेस स्पीकरचा काही संबंध नाही. दोष फाइलमध्ये, चॅनेलमध्ये किंवा स्टिकमध्ये आहे. दुसरं अ‍ॅप, दुसरा व्हिडिओ लावून पाहा. एकाच चॅनेलवर घोळ असेल तर तो प्रसारणातला, आपण स्वस्थ बसायचं. हे एवढं न करता नवा स्पीकर घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत.

हळूहळू घसरणारा आवाज याच टप्प्यावर बाहेर पडतो. लॅपटॉप तापून किंवा दमून चित्राच्या चौकटी गाळत असेल, किंवा फाइलच वाईट बनवलेली असेल, तर असं होतं. फाइल थांबवून पुन्हा लावल्यावर जुळतं का पाहा. जुळून परत घसरत असेल तर लॅपटॉपवरची बाकीची कामं बंद करा, नाहीतर दुसरी फाइल शोधा. ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये यावर औषध नाही.

घुमणाऱ्या आवाजाचं कारण बहुधा साधं असतं: प्रोजेक्टरचा आतला स्पीकर आणि बाहेरचा, दोन्ही एकदम चालू. आतला म्यूट करा. दोन ब्लूटूथ स्पीकर वेगवेगळे जोडले असतील तर दोघांचा उशीर सारखा असेलच असं नाही. एक काढून बघा. दोन स्पीकर पार्टी मोडने एकमेकांना बांधले की पहिल्याने दुसऱ्याला आवाज पोचवायचा वेळही त्यात मिळतो, म्हणून लॅग शोधताना कायम एकाच स्पीकरवर काम करा. बास बूस्ट, सराउंड असले प्रकारही तेवढ्यापुरते बंद ठेवा. प्रत्येक प्रक्रिया थोडा वेळ खाते.

मग जुनं पेअरिंग पुसून नव्याने जोडा. इथे एक गंमत असते. बऱ्याच प्रोजेक्टरांत ब्लूटूथचे दोन प्रकार असतात: एकात प्रोजेक्टर आवाज बाहेर पाठवतो, दुसऱ्यात प्रोजेक्टर स्वतःच मोबाइलचा स्पीकर बनतो. दुसऱ्या प्रकारात बसून लोक तासभर आपला स्पीकर शोधत राहतात.

उशीर मोजा

अंदाजाने बटणं दाबत बसण्यापेक्षा आकडा हातात घ्या. घरातल्या कुणाला तरी स्टीलच्या ताटावर चमचा मारायला सांगा, दोन सेकंदांनी एक असे दहाबारा ठोके, आणि चमचा ताटाला लागताना नीट दिसेल असं मोबाइलवर जवळून रेकॉर्ड करा. हा व्हिडिओ लॅपटॉपवर घ्या, लॅपटॉप एचडीएमआयने प्रोजेक्टरला जोडा, प्रोजेक्टरला तुमचा ब्लूटूथ स्पीकर. विंडोज लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेअरमध्ये व्हिडिओ चालू असताना इंग्रजी 'जे' दाबा. प्रत्येक दाबाला आवाज चित्राच्या मानाने ५० मिलिसेकंद आधी सरकतो आणि पडद्यावर तो आकडा उणे चिन्हाने दिसतो. 'के' दाबलं की उलटं. चमचा टेकतानाच आवाज यायला लागला की थांबा.

समजा उणे २०० वर जुळलं. तर तुमच्या जोडणीचा उशीर साधारण दोनशे आहे, म्हणजे वरच्या मर्यादेच्या पलीकडे. उणे १०० वर जुळलं तर माझा सल्ला, सोडून द्या आणि सिनेमा बघा. चमच्याच्या ठोक्यावर जो फरक दिसतो तो बोलण्यात बहुतेकांना कळतही नाही. फक्त मोजताना स्पीकरजवळ उभे राहा, कारण दर मीटरमागे हवेतच तीनेक मिलिसेकंद जातात.

लॅपटॉपवरून फाइल बघायची असेल तर दुरुस्तीही हीच. व्हीएलसी पुढच्या फाइलला हा आकडा विसरतो, तेव्हा कायमचा ठेवायचा असेल तर अ‍ॅडव्हान्स्ड प्राधान्यांमध्ये ऑडिओच्या भागात तो टाकता येतो. कोडी या व्हिडिओ प्लेअरमध्येही ऑडिओ ऑफसेट आहे. अँड्रॉइडवरच्या व्हीएलसीत ऑडिओ डिले नावाने मिळेल.

स्पीकर प्रोजेक्टरला जोडू नका, स्टिकला जोडा

फुकटात होणारा आणि सर्वाधिक वेळा लागू पडणारा हा उपाय. स्पीकरचं पेअरिंग प्रोजेक्टरमधून पुसून टाका आणि थेट टीव्ही स्टिकशी करा. फायर टीव्ही स्टिकवर सेटिंग्जमध्ये 'कंट्रोलर्स अँड ब्लूटूथ डिव्हाइसेस', त्यात 'अदर ब्लूटूथ डिव्हाइसेस'. गूगल टीव्हीवर रिमोट जोडायच्याच मेनूत. आता चित्र आणि आवाज दोन्ही एकाच यंत्रातून निघतात आणि त्या यंत्राला चित्र थांबवता येतं. प्रोजेक्टर बिचारा फक्त पडदा रंगवतो.

मावशीकडे एवढंच केलं. प्रोजेक्टर नवा नाही, स्पीकर नवा नाही. तिने एक तिहाई ऐकली, समेवर मान डोलावली आणि म्हणाली, "आता कसं! जा, पोहे झालेत, खाऊन घे."

अ‍ॅपल टीव्ही असेल तर त्यात 'वायरलेस ऑडिओ सिंक' आहे. आयफोन जवळ धरायचा, टीव्ही काही सूर वाजवतो, फोनचा माइक ते ऐकून उशीर मोजतो आणि पुढची जुळवणी आपोआप होते. फायर टीव्हीत 'डिस्प्ले अँड साउंड्स', 'ऑडिओ', 'एव्ही सिंक ट्यूनिंग' असा रस्ता आहे. साउंडबार किंवा अ‍ॅम्प्लिफायर लावलेला असेल तेव्हा तो कामी येतो.

स्टिकला जोडूनही मेनूचे टिकटिक आवाज किंवा गेमचे आवाज उशिरा येतील. बटण दाबल्यावर जो आवाज तयार होतो, त्याच्यासाठी आधीपासून काही थांबवून ठेवता येत नाही. ब्लूटूथ स्पीकरवर गेम खेळायचा हट्ट करणाऱ्या भाच्यांना वायर द्या.

मोबाइलची स्क्रीन टाकणाऱ्यांनी उलट बघायचं. तिथे मोबाइलचा आवाज ब्लूटूथने थेट स्पीकरला जातो आणि चित्र वायफायवरून प्रोजेक्टरकडे रेंगाळत येतं. स्क्रीन मिररिंग सोडा आणि अ‍ॅपमधलं कास्टचं चिन्ह वापरा. मग व्हिडिओ स्टिकच नेटवरून उचलते आणि मोबाइल नुसता रिमोट उरतो. अर्थात स्पीकरही मोबाइलवरून काढून स्टिकला जोडायचा.

प्रोजेक्टरची सेटिंग: आधी दिशा बघा

मेनूत 'ऑडिओ डिले', 'लिप सिंक', 'एव्ही सिंक' असं काहीतरी दिसलं की सगळ्यांचे डोळे चमकतात. पण यातलं बहुतेक सेटिंग आवाजाला आणखी मागे ढकलतं. आवाज पुढे असेल तर ते रामबाण. आवाज आधीच मागे असेल तर प्रत्येक क्लिकसरशी त्रास वाढत जातो. शून्यावर ठेवा.

गेम मोडचंही तसंच. गेम मोड चित्रावरची प्रक्रिया कमी करून चित्र लवकर दाखवतो. चांगल्या मॉडेलांत हा उशीर १६-१७ मिलिसेकंदांवर येतो, आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय, चित्रातले दाणे पुसणारी सोय असं सगळं चालू ठेवलं की काही मॉडेलांत शंभरीपार जातो. लॅग म्हटला की गेम मोड लावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तुमचा आवाज मागे असेल तर गेम मोडने चित्र आणखी पुढे पळेल आणि दरी रुंदावेल. तिथे गेम मोड बंद करून हालचालीची सोय चालू करून पाहा, पन्नासेक मिलिसेकंद भरून निघाले तर निघाले. आवाज पुढे असेल तेव्हा मात्र गेम मोड चालू, हालचालीची सोय बंद. कीस्टोनची दुरुस्तीही, म्हणजे तिरकं पडलेलं चित्र चौकोनी करणारी सोय, काही प्रोजेक्टरांत वेळ खाते. त्याहीपेक्षा ती चित्राची धार घालवते, म्हणून प्रोजेक्टर सरळ ठेवणं केव्हाही बरं.

आवाजाच्या प्रकारात 'पीसीएम' किंवा 'स्टीरिओ' निवडा. डॉल्बी किंवा ऑटो ठेवलं की कुठेतरी उलगडा करावा लागतो, त्यात वेळ जातो, आणि ज्या प्रोजेक्टरला डॉल्बी येत नाही त्यावर आवाजच येत नाही.

तुटणारा आवाज

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. राउटरचा जुना पट्टा तोच, मायक्रोवेव्हही तिथेच. स्टिक आणि प्रोजेक्टर वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर घ्या, राउटरमध्ये दोन नावं वेगळी दिसत असतील तर काम सोपं. माणसाचं शरीर हा पट्टा बऱ्यापैकी शोषतं, म्हणून प्रोजेक्टर मागे, स्पीकर पुढे आणि मध्ये सोफ्यावर सात जण असतील तर आवाज तुटायचाच. स्पीकर थोडा उंचावर ठेवा. रामबागेतल्या जुन्या घरांच्या जाड भिंतीपलीकडून ब्लूटूथची फार अपेक्षा ठेवू नये.

एक कारण चटकन लक्षात येत नाही. प्रोजेक्टरच्या पाठीमागे यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क लावलेली असते. यूएसबी ३.० च्या कामातून २.४ गिगाहर्ट्झमध्येच गोंगाट होतो. डिस्क काढून पाहा. फरक पडला तर ती छोट्या वायरने दूर ठेवा, किंवा शक्य असेल तर यूएसबी २.० च्या तोंडात लावा. स्टिकही प्रोजेक्टरच्या पाठीला चिकटून बसलेली असेल तर तिच्यासोबत आलेली छोटी एचडीएमआय एक्स्टेन्शन वापरा, अँटेनाला जरा मोकळी हवा मिळते.

थोडे पैसे घालवून

वायर. हो, वायरच. प्रोजेक्टरला ३.५ मिलिमीटरचं (हेडफोनचं) तोंड असेल आणि स्पीकरला ऑक्स, म्हणजे वायरने आवाज घेणारं तोंड, असेल, तर शेदोनशे रुपयांच्या वायरीत लॅग संपतो. "पण मी वायरलेस घेतलाय ना," असं विजयनगरच्या एका काकांनी मला ऐकवलं होतं. भिंतीच्या कडेने केसिंग पट्टी मारून दिली, आता त्यांना वायर आहे हेच आठवत नाही. सेट-टॉप बॉक्सवर मॅच बघणाऱ्यांना तर मी हाच मार्ग सांगतो, कारण बॉक्स चित्र थांबवून देत नाही आणि प्रोजेक्टरही देत नाही. नवे छोटे स्पीकर घेताना ऑक्सचं तोंड आहे का ते मुद्दाम बघा, हल्ली ते गाळतात.

(शेजाऱ्यांकडून विकेटची आरोळी तुमच्याआधी ऐकू येत असेल, तर तो लॅग हा नव्हे. नेटवरचं प्रक्षेपण डिशपेक्षा मागे चालतं. त्यावर उपाय एकच, शेजाऱ्यांकडे जाऊन बसणं.)

वायर नकोच असेल तर कमी उशिराची ट्रान्समीटर-रिसीव्हरची जोडी. ट्रान्समीटर प्रोजेक्टरच्या ३.५ मिलिमीटर किंवा ऑप्टिकल तोंडात, रिसीव्हर स्पीकरच्या ऑक्समध्ये. इथेच लोक फसतात: फक्त ट्रान्समीटर आणतात. स्पीकरला अ‍ॅप्टएक्स लो लेटन्सी येत नसेल तर दोघं मुकाट्याने एसबीसीवर उतरतात आणि उशीर पहिल्याइतकाच. जोडी एकाच प्रकारची घ्या, २.४ गिगाहर्ट्झवर स्वतःच्याच पद्धतीने बोलणाऱ्या जोड्याही चांगल्या निघतात. दुकानात लावून, चमच्याचा व्हिडिओ चालवून बघा.

जेल रोडला एकाने मला मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं होतं, "भिया, ब्लूटूथ पाँच है, लैग का सवाल ही नहीं." प्रश्न आहेच. २०१६ च्या ब्लूटूथ ५.० मधल्या सुधारणा मुख्यतः कमी विजेवर चालणाऱ्या दुसऱ्या शाखेतल्या होत्या. स्पीकरला जाणारं गाणं जुन्याच वाटेने जातं, तेव्हा खोक्यावरच्या आकड्याने लॅग कमी होत नाही. विचारायचं ते कोडेकबद्दल. २०२० च्या ५.२ बरोबर एलई ऑडिओ ही आवाज पाठवायची नवी वाट आणि एलसी३ हा नवा कोडेक आला, त्यात उशीर खरोखर कमी होऊ शकतो, पण तोही दोन्ही टोकांना हवा.

महाग आणि किचकट

प्रोजेक्टरला ३.५ मिलिमीटरचं तोंड नसेल, किंवा त्यातून खरखर येत असेल, तर एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर. स्टिकची किंवा बॉक्सची एचडीएमआय या डबीत, डबीतून एक एचडीएमआय प्रोजेक्टरला, आणि आवाज ऑप्टिकल किंवा ३.५ मिलिमीटरने साउंडबारला. डबीवर छोटी कळ असेल तर ती दोन चॅनेलवर ठेवा. चित्र आलं नाही तर डबीला कॉपी संरक्षणाची जुळती आवृत्ती येत नाही असं समजा आणि बदलून घ्या.

आता पारडं उलटतं. आवाज प्रोजेक्टरमध्ये न जाता आधीच सुटला, चित्र प्रोजेक्टरच्या प्रक्रियेत अडकलं. आवाज पुढे जातो. इथे साउंडबारमधलं ऑडिओ डिले कामाला येतं आणि गेम मोडसुद्धा.

प्रोजेक्टरच्या एचडीएमआयवर 'एआरसी' लिहिलं असेल तर डबीची गरज नाही, एका वायरीने आवाज परत साउंडबारला जातो. एआरसी २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून आहे. 'ईएआरसी' ही त्याची सुधारित आवृत्ती, ती २०१७ च्या २.१ बरोबर आली आणि त्यात ओठ-आवाज जुळवणी सक्तीची आहे. दोन्ही टोकांना ते असेल तर फारसं काही करावं लागत नाही. वेगळ्या वायरलेस वूफरसह येणाऱ्या साउंडबारचा वूफर तर बिनधास्त घ्या. बार आणि वूफर आपापसात जुळवून घेतात, तुम्ही फक्त बारपर्यंतची वाट वायरीची ठेवा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

वायर लावल्यावर 'हूँऽऽ' असा गुणगुणाट येत असेल तर लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवा. गुणगुण गेली तर अर्थिंगचा फेरा आहे. सगळी यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेऊन बघा. तरीही येत असेल, किंवा स्पीकरच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर ताबडतोब बंद करा आणि इलेक्ट्रिशियनकडून घराचं अर्थिंग तपासून घ्या. तीन पिनांतली जाडी पिन काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

प्रोजेक्टर उघडायचा नाही. आपली २३० व्होल्टची वीज आत सरळ केली की कपॅसिटरवर सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट बसतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात. दिव्याच्या प्रोजेक्टरमध्ये दिवा पेटवायला काही हजार व्होल्टचा झटका लागतो. लेझरच्या प्रोजेक्टरमध्ये डोळ्याचा धोका वेगळा. एचडीएमआयचं तोंड हलतंय, वायर धरून ठेवली तरच चित्र येतं, असं असेल तर ते सोल्डरिंगचं काम आहे आणि वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरचंच.

फर्मवेअर, म्हणजे प्रोजेक्टरच्या आतलं सॉफ्टवेअर, त्याच्या स्वतःच्या मेनूतून अपडेट होत असेल तर करा, लाइट जाणार नाही अशी वेळ बघून. कुठूनतरी उतरवलेली फाइल पेनड्राइव्हवरून टाकू नका. एकसारख्या दिसणाऱ्या दोन प्रोजेक्टरांच्या आत वेगळे बोर्ड निघतात, आणि मग तुमच्या हातात आवाजही नाही, चित्रही नाही. छताला मांडणी करून प्रोजेक्टर टांगायचा असेल किंवा भिंतीतून वायर न्यायची असेल तर तेही जाणकारावर सोपवा. खाली घरचेच बसणार आहेत.

ब्लूटूथ मॉड्यूल खराब झाल्याची खूण अशी: एका मीटरवर, मध्ये काहीही नसताना, दोन-तीन वेगवेगळे स्पीकर जोडून पाहिले आणि प्रत्येक वेळी आवाज तुटला. आणि वायरने जोडूनही दर वेळी चालू केल्यावर उशीर निराळाच येत असेल, तर बोर्डात दोष आहे. दोन्ही बाबतींत सेटिंग चाळत बसू नका. सर्व्हिस सेंटरला फोन कराल तेव्हा नुसतं "आवाज जुळत नाही" म्हणू नका, नाहीतर ते तुम्हाला फॅक्टरी रीसेट करायला सांगून मोकळे होतील. आवाज पुढे की मागे, व्हीएलसीत किती मिलिसेकंदांवर जुळला, आतल्या अ‍ॅपवर काय होतं आणि एचडीएमआयवर काय, आतल्या स्पीकरवर काय होतं, हे कागदावर लिहून समोर ठेवा आणि चमच्याचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर सोबत द्या.